बांधणारा आणि सोडणारा

"दाबून धरा, बांधू नका." जिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून उभी हयात घालवलेल्या एका डॉक्टरांनी हे वाक्य इंटर्नच्या किती तुकड्यांना ऐकवलं असेल, त्याची मोजदाद त्यांच्याकडेही नाही. त्यांच्या सख्ख्या भाचीच्या वर्गात मात्र पहिल्या दहा मिनिटांतच फळ्यावर येतं, "दाबून थांबत नसेल तर बांधा, आणि घट्ट बांधा." भाचीही डॉक्टर. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकली, काही वर्षं सैन्यात काढली आणि आता साखर कारखाने, एमआयडीसी, पोलीस ठाणी अशा ठिकाणी प्रथमोपचार शिकवते. दोघं जेवायला एकत्र बसले की टूर्निकेचा विषय निघतोच. टूर्निके म्हणजे हातापायाला आवळून धमनीच बंद करणारा पट्टा. नावं छापायची नाहीत या अटीवर त्यांच्या वादातला एक मोठा तुकडा इथे देतो आहे. मध्ये तोंड घालायचा मोह मला आवरलेला नाही.

मामा : तू ज्या पट्ट्याचं कौतुक करतेस ना, त्याचे बळी माझ्या टेबलावर आलेत. एक ऊसतोड कामगार होता. पोटरीवर कोयता बसलेला. जखम चार बोटांची, रक्त शिरेतलं, काळपट, संथ वाहणारं. कोणी फडकं ठेवून दहा मिनिटं नेटानं दाबलं असतं तर थांबलं असतं. त्याऐवजी ट्रॉलीची नायलॉनची दोरी मांडीला आवळली आणि वरून घोंगडी पांघरली. एका दवाखान्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, असा रात्रभर फिरला. घोंगडीखाली दोरी आहे हे कोणी पाहिलंच नाही. सकाळी माझ्याकडे आला तेव्हा पाय गार पडलेला, बोटं काळीनिळी. गुडघ्याच्या वरून काढावा लागला. जखमेनं नाही गेला तो पाय, बांधल्यानं गेला.

भाची : दोरीनं गेला, मामा. आणि खरं म्हणजे दोरीनंही नाही. गरज नसताना बांधली, बारीक बांधली आणि बांधल्याचं कोणाला सांगितलं नाही. यातली एक जरी चूक टळली असती तरी पाय वाचला असता.

मामा : गावात या तिन्ही चुका जोडीनंच येतात.

भाची : म्हणून तर शिकवायचं! दोरी बारीक असली की सगळा जोर एका रेषेवर येतो, नसा चिरडतात. माझा पट्टा जवळजवळ चार सेंटिमीटर रुंद आहे. नुसत्या हातानं ओढून धमनी बंद होत नाही, म्हणून त्याला ही दांडी. ती फिरवायची, पीळ बसतो, दांडी या खाचेत अडकवायची. १७१८ साली पॅरिसच्या झां-लुई पेती यांनी यासाठी स्क्रू लावला होता. कल्पना तेव्हाचीच आहे.

एवढं बोलून ती थांबली नाही. पिशवीतून पट्टा काढला, स्वतःच्याच मांडीला सलवारीवरून चढवला आणि पाय मामांसमोर स्टुलावर ठेवला. "नाडी बघा." मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्या पावलाच्या पाठीवर दोन बोटं टेकवली. तिनं पट्टा ओढून घट्ट केला. "आहे," मामा म्हणाले. दांडीचा एक वेढा. "आहे." पावलावरच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. "बहुतेक लोक इथे थांबतात," ती म्हणाली, "आणि इथे थांबणं न बांधण्यापेक्षा वाईट. शीर दबली, धमनी उघडीच. रक्त पायात येत राहतं, परत जायची वाट बंद, मग ते जखमेतूनच बाहेर पडतं." आणखी एक वेढा. तिनं ओठ दाबून धरले होते. तिसऱ्या वेढ्याला अर्ध्यात मामा म्हणाले, "गेली." पाऊल पांढरट पडलं होतं. तिनं दांडी सोडवली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. हे दुखतं, आणि चांगलंच दुखतं. जखमी माणूस ओरडतो, सोडा म्हणतो, आणि भोवतालची माणसं दया येऊन सैल करतात. सैल केलेला पट्टा काय करतो ते आम्ही नुकतंच पाहिलं होतं.

मामा : हे तू केलंस. साठ मजुरांच्या वर्गातला शेवटच्या रांगेतला माणूस हे करेल?

भाची : बॉस्टनमध्ये केलं की लोकांनी. २०१३ च्या मॅरेथॉनमध्ये बॉम्ब फुटले तेव्हा घटनास्थळी २७ जणांना टूर्निके बांधले गेले आणि सगळे जुगाडाचे होते. तयार पट्टा एकाकडेही नव्हता. त्यानंतर अमेरिकेत सामान्य माणसाला रक्त थांबवायला शिकवण्याची मोहीम निघाली. त्याआधीचा धडा लष्कराचा. २००६ साली बगदादच्या इब्न सिना रुग्णालयात जॉन क्रॅग नावाच्या लष्करी सर्जननी सात महिने नोंदी ठेवल्या. २३२ रुग्ण, ४२८ पट्टे. रक्त जाऊन शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा बसला त्यांतले ९० टक्के जगले, शॉकमध्ये गेल्यावर बसला त्यांतले १० टक्के. आणि पट्ट्यामुळे गेलेला हात किंवा पाय एकही नाही.

मामा : शॉकमध्ये गेलेला माणूस मुळातच जास्त जखमी असतो. ९० विरुद्ध १० हा सगळा तुझ्या पट्ट्याचा पराक्रम नव्हे.

भाची : सगळा नाही, कबूल. पण मांडीची मुख्य धमनी तुटली तर हातात चार-पाच मिनिटं असतात. तेवढ्यात फडकं शोधून, दाबून, थांबलं का बघून, मग ठरवू म्हणायला वेळ कुठला?

मामा : आता त्या बगदादचं ऐक. तिथे डोक्यावर हेलिकॉप्टर होतं. जखमी माणूस तास-दीड तासात शस्त्रक्रियेच्या टेबलावर. पट्टा दोन तासांच्या आत सुटत होता, म्हणून पाय वाचत होते. तेच पट्टे, त्याच शिकवणीनं, युक्रेनमध्ये वापरले तेव्हा काय झालं? वर ड्रोन घिरट्या घालतायत, जखमीला हलवता येत नाही, पट्टा तासन्‌तास तसाच. त्यातले पुष्कळ तर मुळात गरज नसताना बांधलेले. हातपाय गेले, मूत्रपिंडं बंद पडली. तिथल्याच सर्जननी हे लिहिलंय. आपला घाटातला रस्ता बगदादसारखा आहे की युक्रेनसारखा, ते तू मला सांग.

यावर भाची लगेच बोलली नाही. माझ्या मते सबंध संध्याकाळचा हा सर्वांत नेमका सवाल होता. कुर्ला आणि दादरच्या मध्ये लोकलखाली पाय गेलेल्या माणसाला शीवचं रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. तिथे पट्ट्याबद्दल वाद घालणंच चूक, आधी बांधा. धारणीच्या पलीकडल्या पाड्यावर तोच पट्टा बांधला तर अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, मधे मेळघाटचा घाट. तोच पट्टा, तीच मांडी, पण हिशेब निराळा.

भाची : युक्रेनचा धडा "बांधू नका" असा नाही, मामा. बांधून विसरू नका, असा आहे. आता सैन्यात काय शिकवतात? पहिला पट्टा गोळीबारात घाईघाईनं बसतो. आडोशाला आल्यावर पुन्हा बघायचं, खरंच लागतोय का? रुग्ण शॉकमध्ये नसेल, अवयव तुटलेला नसेल आणि जखमेवर नजर ठेवता येत असेल, तर जखमेत पट्टी ठासून भरायची, वर दाबपट्टी घालायची आणि टूर्निके हळूहळू सैल करायचा. हे दोन तासांच्या आत. सहा तास उलटून गेलेला पट्टा मात्र रस्त्यात सोडायचाच नाही.

मामा : का, ते सांगतेस की नाही वर्गात? मेलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम हृदयात जातं. बघणारे म्हणतात, पट्टा सोडला आणि पाच मिनिटांत माणूस गेला, डॉक्टरनं मारला.

भाची : सांगते. म्हणून वेळ लिहायला लावते. पट्ट्यावर, नाहीतर कपाळावर. आणि त्यावर पांघरूण घालायचं नाही. तुमच्या त्या घोंगडीची गोष्ट मी दर वर्गात सांगते, माहितीये?

मामांना हे ठाऊक नव्हतं. थोडे सैल झाले, पण तेवढ्यापुरतेच. पुढचा मुद्दा त्यांनी कडबाकुट्टीचा काढला. कडबाकुट्टीत हात गेला असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रक्ताची चिळकांडी उभी राहते. मामांचं म्हणणं, अनेकदा तसं नसतं. धमनी पूर्ण तुटली, त्यातून पिळवटून तुटली, की तिची टोकं आकसून मांसात ओढली जातात आणि रक्त बऱ्यापैकी आपसूक थांबतं. जास्त घात करते ती अर्धवट कापलेली धमनी, कारण तिला आकसता येत नाही. काच घुसलेलं मनगट दिसायला किरकोळ आणि जीव घेणारं असू शकतं. तेव्हा जखम किती भयानक दिसते याच्यावर जाऊ नये, रक्त किती येतंय ते पाहावं. भाचीला हे मान्य होतं, एक पुस्ती जोडून. आकसलेली धमनी अर्ध्या तासानं, सलाईननं बीपी वर आलं की, पुन्हा उघडते, आणि ती नेमकी रुग्णवाहिकेत उघडते. तुटलेल्या हाताला म्हणून रक्त थांबलेलं दिसलं तरी पट्टा सैलसर चढवून ठेवायचा, लागला तर पिळायला.

मामा : आणि साप?

भाची : हं. मला वाटलंच, येणार तुम्ही तिथे.

मामा : येणारच. आपल्याकडे बांधायची सवय जखमेमुळे लागलेली नाही, सापामुळे लागलीये. घोणस चावली की आधी दोरी. घोणशीचं विष मुळात मांस सडवतं, वर रक्त कोंडलं की तो पाय हातचा गेला. दोरी बांधू नका, पाय हलवू नका, तडक दवाखान्यात आणा, हे सांगून सांगून आमच्या पिढीच्या जिभा झिजल्या. आता कुठे लोक ऐकायला लागलेत, तर तू पुन्हा सांगतेस, बांधा!

भाची : मी दोन्ही एका दमात सांगते. रक्त उसळत असेल तर पट्टा. दातांच्या खुणा असतील तर पट्टा पिशवीतच.

मामा : पावसाळ्यात, रात्री, बांधावर, बॅटरीच्या उजेडात हा फरक राहील लक्षात?

तिनं "राहील" म्हटलं, पण आधीच्या जोरानं नाही. मला विचाराल तर इथे मामांची बाजू वरचढ आहे. नवी शिकवण जिथे जाते तिथे जुनी सवय आधीच बसलेली असते, आणि दोन्हींचं रूप सारखं असलं की जुनीच जिंकते.

मग बोलणं पट्टा जिथे चढतच नाही अशा जागांकडे वळलं. जांघ, काख, मानेचा बुंधा. तिथे स्वच्छ फडकं बोटानं आत ठासत जायचं, पार खोलवर रक्त येणाऱ्या तोंडापर्यंत, आणि वर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकायचा. मोटरसायकलवरून आपटून कमरेचं कडं मोडलं तर रक्त ओटीपोटात आतल्या आत साचतं, बाहेर थेंब दिसत नाही. त्यासाठी पट्टा वेगळा, आणि नसेल तर चादर किंवा लुंगीही चालते. चूक एकच होते, लोक ती कमरेला बांधतात. बांधायची खाली, पँटच्या खिशात हात घातल्यावर बाजूला जे हाड लागतं, त्याच्यावरून.

ओटीपोटाचं नाव निघालं आणि मामांचा आवाज बदलला. सिव्हिलमध्ये रात्री-अपरात्री बाळंतपणाच्या केसला त्यांनाही उभं राहावं लागे.

मामा : तुझ्या पट्ट्यावर मी हयातभर भांडेन, पण एक वस्तू दर उपजिल्हा रुग्णालयात आणि दर एकशे आठच्या रुग्णवाहिकेत हवी असं माझं म्हणणं आहे. तो अँटी-शॉकचा सूट. पाणबुड्याच्या पोशाखाचं असतं तसं कापड, निओप्रीन, त्याला वेलक्रो. घोट्यापासून सुरुवात करायची, मग पोटऱ्या, मांड्या, ओटीपोट, शेवटी पोट. पोटावरच्या पट्टीला आत गोळा असतो, तो गर्भपिशवीवर दाब देतो. बाई बाळंत होते, पिशवी आवळत नाही, अंगावरून धो धो जातंय. भरल्या दिवसांत मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त पिशवीकडे येत असतं, तिथे किती वेळ पुरणार? सूट चढवला की पायांतलं रक्त हृदयाकडे, मेंदूकडे वळतं, आणि खालच्या धमन्या दबून गळती कमी होते. शिवाय खालून तपासता येतं, वार अडकली असेल तर काढता येते, टाके घालता येतात. सूट काढावा लागत नाही.

भाची : आता मी तुमच्यासारखं बोलू? पुरावा कुठाय?

इथे दोघांनी बाजू बदलल्या. बांधणाऱ्या भाचीला शंका, आणि बांधू नका म्हणणारे मामा वकील.

भाची : हवा भरून फुगवायची विजार व्हिएतनामच्या युद्धात वापरली. चमत्कार वाटला सगळ्यांना. पुढे अमेरिकेत रुग्णवाहिका ती घेऊन फिरत होत्या, बीपी वर येतंय हे डोळ्यांना दिसत होतं. मग ह्यूस्टनमध्ये ९११ रुग्णांवर नीट तुलना केली, १९८९ साली निकाल छापला. विजार घातलेल्यांत ३१ टक्के मेले, न घातलेल्यांत २५. तो सूट तिचाच भाऊ आहे.

मामा : भाऊ असेल, स्वभाव वेगळा. ह्यूस्टनचे रुग्ण गोळी लागलेले, सुरा लागलेले. अनेकांचं रक्त छातीतून जात होतं, आणि तुम्ही खालून पिळून बीपी वाढवलं. वरचं भोक मोठं केलं. बाळंतिणीचं भोक सुटाच्या खालीच आहे, दाब तिथेच पडतो. शिवाय यात हवा नाही, दाब बेताचा, फुटायची-सुटायची भीती नाही. नासाच्या एम्स केंद्रातली ही कल्पना, १९७० च्या दशकातली. इजिप्त, नायजेरियात वापरून पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ मध्ये पुढच्या उपचारापर्यंतची सोय म्हणून शिफारस केली.

भाची : आणि २०१३ मध्ये झांबिया-झिंबाब्वेची चाचणी आली, ८८० बायका. शॉकमधून लवकर सावरल्या, हे खरं. मृत्यू निम्म्याच्या जवळपास कमी दिसले, पण आकडे इतके थोडे की तो योगायोग नाही असं छातीठोक सांगता आलं नाही.

मामा : आणखी हजारो बायका घेऊन निम्म्यांना सूट द्यायचा नाही, अशी चाचणी तू करशील?

भाची : (जरा वेळानं) नाही करणार. पण माझी भीती आकड्यांची नाहीये. महाराष्ट्रात मातामृत्यूचं प्रमाण लाखाला ३३ वर आलं होतं, २०१८-२० च्या नोंदणीनुसार. उरलेत त्यांत लांबच्या रस्त्यांचा वाटा मोठा आहे. धडगाव, भामरागड. तिथे सूट चढवला, बाई कशीबशी तग धरून आली. कॅज्युअल्टीत कोणीतरी ते काळं कापड बघून म्हणालं, हे काय गुंडाळलंय, काढा आधी, बीपी बघायचंय. पोटाकडून फर्र्‌ फर्र्‌ वेलक्रो उघडला. सगळं रक्त पायांत उतरलं. संपलं.

मामा : काढायचा घोट्याकडून. एक पट्टी, मग पंधरा-वीस मिनिटं थांबा. बीपी वीसनं पडलं किंवा नाडी वीसनं चढली की परत आवळा. आणि रक्त थांबून, बाई स्थिर झाल्याशिवाय हात लावायचाच नाही.

भाची : हे तुम्हाला माहीत आहे. रात्री अडीच वाजता ड्युटीवर असलेल्याला आहे का?

मामा : अगं, मग मी तरी त्या घोंगडीच्या गोष्टीत दुसरं काय सांगतोय!

वाद इथेच संपायला हवा होता, पण आमच्याकडचे वाद असे संपत नाहीत. मला मात्र दोघांमधलं भांडण कुठे आहे ते इथे दिसलं. पट्टा असो, चादर असो की सूट, यातलं काहीच रक्तस्रावावरचा इलाज नाही. हे सावकाराचं कर्ज आहे. वेळ उसना मिळतो, व्याज मिनिटामिनिटाला चढतं, आणि फेडणारा दुसऱ्या टोकाला, टाके आणि रक्ताच्या पिशव्या घेऊन उभा असावा लागतो. आपण सगळा भर देतो तो बांधणाऱ्यावर. पट्ट्याच्या खरेदीचा फोटो छापून येतो, प्रशिक्षण घेतलेल्यांना प्रमाणपत्र मिळतं. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस छळणार नाहीत, अशी तरतूद २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आली, तीही बांधणाऱ्याचीच सोय, आणि ती हवीच होती. सोडणाऱ्याचं शिक्षण मात्र कोणाच्याच यादीत नसतं. पट्टा कधी बसला, का बसला, कोणी बसवला, हे केसपेपरावर लिहायला वेगळी ओळही नसते.

मी हे बोलून दाखवलं तर दोघंही माझ्यावर घसरले. मामांना "सावकार" आवडला नाही, सावकार निदान मुदत तरी देतो म्हणाले. भाचीचं म्हणणं, लेखकांना उपमा सुचली की प्रश्न सुटल्यासारखं वाटतं.

भाची : कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत तोडणी टोळ्यांच्या मुकादमांचा वर्ग ठेवलाय. या तुम्ही. सापाचं तुम्हीच सांगा.

मामा : येईन. पण अर्धा तास नुसतं दाबायला शिकवायचं. पट्टा पिशवीतून काढायचाच नाही तोवर.

भाची : वीस मिनिटं.

मामा : पंचवीस. आणि मुकादमांच्या आधी ग्रामीण रुग्णालयातल्या सिस्टर आणि वॉर्डबॉय. पट्टा बांधून आलेला माणूस त्यांच्याच दारात उतरणार आहे.

भाची : त्यांना ड्युटीतून सोडणार कोण?

मामा : अधीक्षक माझ्या हाताखाली शिकलाय.

भाची : मग लावा फोन.

मामा : आत्ता? दहा वाजायला आलेत.

भाची : कॅज्युअल्टीचा नंबर लावा. तो तरी उचलायलाच हवा त्यांनी.